मदत हवी आहे: ताजमहाल, मशीद आणि व्हीलचेअर

आग्र्याला सासूबाईंना घेऊन जायचंय, गुडघ्यांमुळे व्हीलचेअर लागेल. शुक्रवारी ताज बंद, म्हणून शनिवारी पहाटे पूर्व दरवाजाने जाऊ. गाडी शिल्पग्रामला लावून पुढे बॅटरीवरची गाडी, हे ठरलंय.

अडतंय ते मशिदीपाशी. ती मकबऱ्याच्या पश्चिमेला, लाल दगडाची, तोंड पूर्वेला. म्हणजे कोवळं ऊन दर्शनी भागावर सकाळीच पडतं. दुपारी गेलं की ते पूर्वेकडच्या जुळ्या इमारतीवर, जवाबवर, सरकतं. फरशीवर काळ्या रेघांनी आखलेल्या नमाजाच्या जागा त्यांना जवळून पाहायच्यात.

१) बागेतून मशिदीच्या लाल चौथऱ्यावर चढायला उतार (रॅम्प) आहे का, कुठल्या बाजूला? खुर्ची उचलून न्यावी लागत असेल तर आधीच कळवा.
२) मकबऱ्याच्या आत जायचं २०० रुपयांचं जादा तिकीट त्यांच्यासाठी टाळलं, नुसतं ५० चं घेतलं, तर मशिदीपर्यंत कुणी अडवत नाही ना? पांढऱ्या चौथऱ्याच्या पायऱ्या त्यांना जमणारच नाहीत.
३) तिकीट तीन तासांचं. चाकांवर तेवढ्यात होतं का?

अलीकडे जाऊन आलेल्यांनीच सांगा, ऐकीव नको.