बेसा की प्रतापनगर? मुलीची शाळा पाहून घर घ्यावं का?

सायली_त्रिमूर्तीनगर

नमस्कार मंडळी. घर घ्यायचं आहे आणि घरातली चर्चा रोज एकाच ठिकाणी अडते, म्हणून इथे विचारते.

आम्ही नागपुरात त्रिमूर्तीनगरला भाड्याने राहतो. नवरा हिंगणा एमआयडीसीत, मी सीताबर्डीला बँकेत. मुलगी साडेतीन वर्षांची, घराजवळच्या नर्सरीत जाते. दोन फ्लॅट मनात भरले आहेत. एक बेसाला, नवीन स्कीममधला टू बीएचके, चौथा मजला, लिफ्ट, पार्किंग, 58 लाख. दुसरा प्रतापनगरला, वीसेक वर्षं जुन्या अपार्टमेंटमध्ये तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, 61 लाख.

बेसाच्या बिल्डरचं सगळं बोलणं शाळेवर. "मॅडम, 800 मीटरवर इंटरनॅशनल स्कूल आहे, मुलीची बारावीपर्यंतची काळजी मिटली." माझे मोठे दीर न्यू जर्सीत असतात. तेही फोनवर म्हणाले, आधी शाळा बघा मग घर, आम्ही स्कूल डिस्ट्रिक्ट पाहूनच घर घेतलं. सासूबाईंचं म्हणणं, प्रतापनगर सोडू नका, तिकडे शाळांना तोटा नाही. नवऱ्याला लिफ्ट हवी आहे, कारण सासूबाईंचे गुडघे दुखतात.

चांगली शाळा मिळावी म्हणून मी दोन खोल्या कमी घ्यायला तयार आहे. पण आपल्या नागपुरात शाळा जवळ असण्याला नेमकी किती किंमत द्यायची, आणि शाळा चांगली आहे हे आईबापांनी ओळखायचं कसं?

बेसातली_आई

आम्ही बेसाला राहतो, दोन मुलं आहेत. शाळा जवळ असण्याचा फायदा खरा आहे आणि तो एप्रिलमध्ये कळतो. स्टेट बोर्डाच्या शाळा आपल्या विदर्भात उन्हामुळे जूनच्या शेवटाकडे उघडतात, पण सीबीएसईचं सत्र एप्रिललाच सुरू होतं. पारा 42 वर असताना दुपारी सुटलेलं लेकरू दहा मिनिटांत घरी येतं की पाऊण तास व्हॅनमध्ये बसून येतं, हा फरक फार मोठा आहे.

पण ताई, बिल्डर सांगतो ते 800 मीटर नकाशावरचे असतात. जुलैच्या पावसात सकाळी सातला स्कूटीवर त्या रस्त्याने जाऊन या. मधे नाला आहे का, रस्त्यावर दिवे आहेत का, बसला वळायला जागा आहे का ते बघा. आणि फ्लॅटला नळाचं पाणी आहे की बोअर आणि टँकर, हे वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईला विचारा, सेल्स ऑफिसला नको.

महालच्या_बाई

सायली, माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे, म्हणून एकेरी लिहिते. महालातल्या अनुदानित मराठी शाळेत मी आधी शिकवलं, मग मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले.

नागपुरात घराच्या पत्त्यावर खासगी शाळेत जागा मिळत नाही, हे आधी पक्कं लक्षात घे. शिक्षण हक्क कायद्याखालच्या नियमांत अंतर आहे. पहिली ते पाचवीसाठी 1 किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी 3 किलोमीटरच्या आत शाळा असावी, पण ती जबाबदारी सरकारची. खासगी शाळांमधल्या 25 टक्के राखीव जागांसाठीही अंतर पाहतात. त्यासाठी वंचित घटकात यावं लागतं, नाहीतर वार्षिक उत्पन्न 1 लाखाच्या आत असावं लागतं. तुम्ही दोघं नोकरदार, त्यात बसणार नाही. बाकीच्या जागा शाळा स्वतः भरते, आणि तिथे 800 मीटरवरच्याला आणि 8 किलोमीटरवरून येणाऱ्याला फॉर्म सारखाच. बिल्डरच्या हातात प्रवेश नाही, तो फक्त अंतर विकू शकतो. मुलाची किंवा पालकांची चाळणी परीक्षा घ्यायला आणि देणगी मागायला मात्र कायद्याने बंदी आहे. कुणी मागितली तर घाबरू नकोस.

आता शाळा कशी ओळखायची ते सांगते. पाटीवर "सीबीएसई पॅटर्न" असं लिहिलं असेल तर संलग्नता क्रमांक माग. पॅटर्नचा अर्थ तशी पुस्तकं वापरतात इतकाच निघू शकतो, मंडळाची मान्यता ही वेगळी गोष्ट आहे. संलग्न शाळांची यादी सीबीएसईच्या संकेतस्थळावर आहे. त्या शाळांना शिक्षक किती, निकाल काय, फी किती, इमारतीची आणि अग्निसुरक्षेची प्रमाणपत्रं कुठली, हे सगळं आपल्या संकेतस्थळावर जाहीर करावं लागतं. ते पान बहुतेक पालक उघडतच नाहीत. तू उघड. शिक्षकांच्या आकड्याला मुलांच्या आकड्याशी ताडून बघ. प्राथमिकला 30 मुलांमागे एक शिक्षक हे कायद्यातलं प्रमाण आहे. शिवाय मान्यता असलेल्या शाळेचा सरकारी नोंदीतला 11 आकडी यूडायस क्रमांक असतो, महाराष्ट्रात तो 27 ने सुरू होतो. कुठल्याही बोर्डाची शाळा असली तरी तो विचार.

कागद झाले की वही बघ. ओळखीतलं कुणी त्या शाळेत तिसरी-चौथीत असेल तर त्याची भाषेची वही एक संध्याकाळ घरी आण. पानापानावर नुसती लाल खूण आणि सही दिसली तर ती वही कुणी वाचलेली नाही. चुकलेल्या शब्दाखाली रेघ, शेजारी बरोबर शब्द, आणि पुढच्या पानावर मुलाने तोच शब्द नीट लिहिलेला दिसला, तर त्या वर्गात बाई आहे आणि ती शिकवते आहे. सगळ्या वर्गाच्या वह्यांत निबंध शब्दशः एकच असेल तर फळ्यावरून उतरवून घेतला आहे. स्विमिंग पूल आणि एसी वर्ग यातलं काहीच सांगत नाहीत.

शिक्षक टिकतात का, हेही बघ. शाळा सुटताना गेटबाहेर सहावी-सातवीच्या आयांशी बोल. नर्सरीच्या आया नव्या असतात, त्यांना अजून काही कळलेलं नसतं. वर्षाच्या मधे वर्गशिक्षिका बदलली का, गणिताचे सर किती वर्षांपासून आहेत, एवढंच विचार. पगार वेळेवर न देणाऱ्या शाळेत माणसं टिकत नाहीत, आणि माणसं टिकत नाहीत तिथे तुझ्या मुलीला दर वर्षी नव्या बाईंना आपलं नाव सांगावं लागेल. दहावीच्या फ्लेक्सवरची पहिली पाच मुलं बघून काही ठरवू नकोस. परीक्षेला किती बसली, आणि नववीतून किती जणांना दुसरी शाळा बघायला सांगितलं, ते विचार.

प्रतापनगरच्या बाजूने माझं मत आहे आणि ते मी लपवत नाही. तिथून खामल्याची सोमलवार जवळ, शंकरनगरची सरस्वती आवाक्यात. मराठी, सेमी, इंग्रजी, स्टेट, सीबीएसई, सगळे रस्ते उघडे राहतात. साडेतीन वर्षांच्या मुलीचा कल कुठे जाईल हे आज कुणालाच माहीत नाही. एकाच शाळेच्या भरवशावर घर घेतलं आणि ती शाळा तिला मानवली नाही, तर पुढची शाळा किती लांब पडते ते आजच मोजून ठेव.

लेआउटवाला_दादा

बाईंनी शाळेचं बरोबर सांगितलं, मी घराचं सांगतो. बँकांसाठी घरांचं मूल्यांकन करतो, दक्षिण नागपूर आणि बेसा-बेलतरोडी पट्टा रोजचाच आहे.

शाळेजवळ भाडेकरू लवकर भेटते, हे खरं. पण गेटच्या अगदी समोरचा फ्लॅट लोक पाहून परत जाऊन राहिले, कारण सकाळ-दुपार हॉर्न आणि पार्किंगची कटकट. चालत दहा मिनिटांवरचा फ्लॅट मी कधीही समोरच्या फ्लॅटपेक्षा चांगला म्हणेन.

आणि ताई, जी शाळा "येणार" आहे तिच्यासाठी एक रुपया जास्त देऊ नका. लेआउटच्या किंवा विकास आराखड्याच्या नकाशात शाळेसाठी आरक्षण दिसते, म्हणून शाळा होईलच असं नाही. एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम 127 प्रमाणे आराखडा लागू झाल्यापासून 10 वर्षांत ती जमीन घेतली नाही तं मालक नोटीस देऊ शकते. नोटिशीनंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, तं आरक्षणच निघून जाते. मंग तिथं दुसरी फ्लॅट स्कीम उभी राहू शकते.

बेसाच्या फ्लॅटसाठी महारेराच्या, म्हणजे बिल्डरच्या स्कीमची नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाच्या साइटवर स्कीमचा नंबर टाका. मंजूर नकाशा कोणाचा आहे ते पाहा. त्या पट्ट्यात जुन्या ग्रामपंचायतीच्या शिक्क्याचे नकाशे अजून सापडतात, आपल्याला एनएमआरडीएची, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची मंजुरी पाहिजे. जमीन एनए म्हणजे बिगरशेती आहे का, गुंठेवारीतली असेल तं आरएल म्हणजे नियमित केल्याचं पत्र आहे का, हे वकिलाकडून पाहून घ्या. शाळा आवडली म्हणून घाईत टोकन देणारे लोक मी पाहिले आहेत, बाप्पा, असं नका करू.

एडिसनकर_मूळ_धंतोलीचा

मीही न्यू जर्सीतच, एडिसनला असतो. तुमच्या दिरांचा सल्ला इथल्यासाठी अगदी बरोबर आहे, म्हणून इथलं गणित सांगतो. न्यू जर्सीत साधारणपणे तुम्ही ज्या डिस्ट्रिक्टमध्ये राहता तिथल्याच सरकारी शाळेत मूल जातं, तेही फी न भरता. घराचा पत्ता हाच प्रवेश. पैसा येतो मालमत्ता करातून. इथला हा कर देशात सर्वांत जड, आणि त्यातला साधारण अर्धा वाटा शाळांना जातो. म्हणजे शाळेची किंमत घराच्या किमतीत एकदा आणि करात दर वर्षी, अशी दोनदा मोजतो. सँड्रा ब्लॅक या अर्थतज्ज्ञ बाईंचा 1999 चा एक अभ्यास आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये शाळेच्या हद्दीच्या अलीकडची आणि पलीकडची घरं त्यांनी ताडून पाहिली. परीक्षेतले गुण 5 टक्के जास्त असलेल्या बाजूला लोक घरासाठी साधारण अडीच टक्के जास्त मोजत होते.

इथेही डोळे मिटून रेटिंग पाहू नये असं मला वाटतं. 10 पैकी 9 मिळवणाऱ्या शाळेच्या भोवती बहुतेक वेळा शिकलेले, पैसेवाले आईबाप राहतात, आणि गुणांत शाळेइतकाच त्यांचाही हात असतो. हद्दीही बदलतात. घर घेतलं तेव्हाची शाळा मूल मोठं होईपर्यंत तीच राहील याची खात्री नसते.

नागपुरात पत्त्याचा आणि प्रवेशाचा हा धागाच नाही. फी वेगळी भरावीच लागणार. तेव्हा दिरांचं वाक्य तिथे जसंच्या तसं लावू नका.

सायली_त्रिमूर्तीनगर

सगळ्यांचे मनापासून आभार. बाई, तुमचं वाचून मी शेजारच्या चौथीतल्या मुलाची वही मागून आणली. तो त्याच इंटरनॅशनल शाळेत जातो. इंग्रजीच्या वहीत पानोपानी बरोबरच्या खुणा आहेत आणि त्यांच्याखाली चुकलेलं स्पेलिंग तसंच आहे. नवऱ्यालाही दाखवली. एका वहीवरून सगळी शाळा ठरवणार नाही, गेटवर जाऊन बोलणार आहे. पण त्या शाळेसाठी बेसा, हा मुद्दा आता आमच्या घरात उरलेला नाही.

प्रतापनगरला अडचण सासूबाईंच्या गुडघ्यांची. त्याच भागात तळमजल्यावर किंवा पहिल्या मजल्यावर काही मिळतं का बघतोय, थोडा लहान चालेल. दादा, इतक्या जुन्या अपार्टमेंटसाठी कोणते कागद मागायचे?

लेआउटवाला_दादा

मूळ सेलडीड आणि मधल्या सगळ्या विक्रीच्या सेलडीड, एकही सुटली नाही पाहिजे. अपार्टमेंटचं डीड ऑफ डिक्लेरेशन, त्यात तुमच्या फ्लॅटचा जमिनीतला हिस्सा किती लिहिला आहे ते पाहा. मंजूर नकाशा, आखीव पत्रिका (म्हणजे प्रॉपर्टी कार्ड), मनपाची चालू वर्षाची टॅक्स पावती, वीज आणि पाण्याचं बिल थकीत नसल्याचं पत्र. विकणाऱ्यावर बँकेचं कर्ज असेल तं बँकेचं पत्र. तळमजला घेणार असाल तं पार्किंगची जागा बंद करून खोली काढली आहे का, हे नकाशाशी ताडून पाहा. तसे फ्लॅट पुष्कळ आहेत आणि त्यावर कर्ज भेटत नाही.