नोकरी सोडल्यावर कंपनीचा आरोग्य विमा पुढे चालू ठेवता येतो का?

प्रश्न (वाळूजवासी):
वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी पर्यवेक्षक आहे. पुढच्या महिनाअखेरीस नोकरी सोडून जालन्यात भावाबरोबर शेती अवजारांच्या दुरुस्तीचा व्यवसाय सुरू करण्याचा विचार पक्का झाला आहे. कंपनीच्या गटविम्यात मी, पत्नी, मुलगी आणि आई-वडील अशा सर्वांना मिळून ५ लाख रुपयांचे संरक्षण गेली दोन वर्षे आहे. वडिलांना मधुमेह असून त्यांची अँजिओप्लास्टीही याच विम्यातून झाली. कामाच्या शेवटच्या दिवशी विमा संपेल, असे एचआर विभाग सांगतो. नवी पॉलिसी घेतल्यास वडिलांच्या जुन्या आजारांसाठी तीन वर्षे थांबावे लागेल, असे एजंटाचे म्हणणे आहे. यावर काही मार्ग आहे का?

उत्तर (गोदाकाठ):
मार्ग आहे, मात्र तो नोकरीचा शेवटचा दिवस उजाडण्यापूर्वी धरावा लागतो. गटविम्यातील सदस्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा कौटुंबिक पॉलिसीत स्थलांतर करता येते, आणि तसे केल्यास गटविम्यात काढलेला काळ प्रतीक्षा कालावधीतून वजा होतो. २०२४ च्या नियमांनुसार आधीपासून असलेल्या आजारांसाठीचा प्रतीक्षा कालावधी ३६ महिन्यांपेक्षा अधिक ठेवता येत नाही. आपली दोन वर्षे त्यातून वजा झाली, तर वडिलांसाठी फार तर एक वर्ष उरते. एजंटाने सांगितलेली तीन वर्षे कोरी पॉलिसी घेणाऱ्यासाठी आहेत.

ही सवलत जुन्या विमा रकमेपुरतीच असते, हे ध्यानात ठेवावे. आपण १० लाखांची पॉलिसी घेतली, तर वरच्या ५ लाखांसाठी प्रतीक्षा नव्याने सुरू होते. शिवाय गटविम्यातून येणाऱ्याची वैद्यकीय माहिती तपासून हप्ता वाढवण्याचा किंवा प्रस्ताव नाकारण्याचाही अधिकार विमा कंपनीला असतो. त्यामुळे अर्ज नोटीस कालावधी चालू असतानाच, लेखी आणि थेट विमा कंपनीकडे करावा. टीपीए, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने काम करणारी त्रयस्थ संस्था, मुख्यतः दाव्यांचे काम पाहते. त्यांच्याकडे विचारणा करण्यात दिवस घालवू नयेत.

अर्जात अँजिओप्लास्टी लपवू नका. “लिहिले नाही तरी चालते” असे सांगणारे एजंट आपल्याकडे कमी नाहीत, परंतु दाव्याची नोंद त्याच कंपनीच्या दप्तरी असताना ही लपवाछपवी शहाणपणाची ठरत नाही.

उत्तर (लातूरकर):
वरील उत्तराशी सहमत आहे. त्यात एक व्यवहाराची गोष्ट जोडतो. एकत्रित फ्लोटर पॉलिसीचा (सर्व कुटुंबाला मिळून एकच विमा रक्कम) हप्ता बहुधा घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीच्या वयावरून ठरतो, म्हणून आई-वडिलांची पॉलिसी वेगळी आणि आपली तिघांची वेगळी ठेवणे अनेकदा स्वस्त पडते. तसेच ॲपमधील ई-कार्ड नोकरी सुटताच दिसेनासे होऊ शकते. ते आजच उतरवून घ्यावे आणि कोणाचे नाव कोणत्या तारखेपासून विम्यात आहे, याचे पत्र एचआरकडून घ्यावे. त्या पत्रात वडिलांचे नाव आधार कार्डाप्रमाणे आहे का, जन्मतारीख जुळते का, हे अक्षर न् अक्षर तपासा. दावा अडतो तो पुष्कळदा इथेच.

उत्तर (परभणीची सून):
मधल्या काळासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचाही विचार करावा. पूर्वी ही योजना पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेपुरती होती आणि मराठवाड्यातील शेतकरी कुटुंबे पांढरी शिधापत्रिका असली तरी तिच्यात येत असत. आता ती राज्यातील सर्वच शिधापत्रिकाधारकांना लागू असून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. तथापि उपचार ठरावीक यादीतले आणि रुग्णालय योजनेत समाविष्ट असलेलेच लागते. दाखल होण्यापूर्वी तेथील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटावे. तिच्यावर पूर्ण विसंबून खासगी पॉलिसी सोडावी, असे मात्र मी म्हणणार नाही.

प्रश्नकर्ता (वाळूजवासी):
सर्वांचे आभार. आमच्याच विभागातील काही सहकारी २१ हजारांच्या आत पगार असल्यामुळे ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) आहेत. त्यांनी नोकरी सोडली, तर त्यांचे काय? आणि विमा कंपनीने माझ्या अर्जाला उत्तरच दिले नाही, तर?

उत्तर (गोदाकाठ):
ईएसआयचा हिशेब सहामाहीवर चालतो. एप्रिल ते सप्टेंबर या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरली गेली असेल, तर तिचा लाभ पुढील जानेवारी ते जूनमध्ये मिळतो. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीचा लाभ जुलै ते डिसेंबरमध्ये. म्हणून नोकरी सुटली तरी उपचार लगेच बंद होत नाहीत, आणि दवाखान्याच्या खिडकीवर कोणी नाही म्हटले तर वर्गणीचा तपशील दाखवून लाभ कालावधी तपासायला सांगावे.

आपल्या अर्जाबाबत, ईमेलची प्रत जपून ठेवा. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि नंतर नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ संकेतस्थळावर तक्रार करता येते. त्यानंतरची पायरी विमा लोकपालाची असून मराठवाडा पुण्याच्या कार्यालयाच्या कक्षेत येतो. तिथे शुल्क नाही आणि वकिलाची गरजही नाही.

जाता जाता, वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे, त्यामुळे एजंटाने दिलेला हप्त्याचा आकडा कर धरून काढलेला नाही ना, हे पाहून घ्या.