मदत हवी आहे: कापसाच्या ‘जिना’बद्दल तुमच्या गावचे शब्द हवेत

नमस्कार मंडळी,

आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात. मोठा भाऊ हंगामात जिनात, म्हणजे जीन नावाच्या यंत्रानं कापसातली सरकी (बी) वेगळी करतात त्या कारखान्यात, डबल रोलर यंत्रावर असतो. त्याची पोरगी आठवीत आहे. मागच्या महिन्यात एका निबंध स्पर्धेत तिनं पहिलंच वाक्य लिहिलं, ‘माझे बाबा जिनात काम करतात.’ निबंध तपासून परत आला तेव्हा ‘जिनात’वर लाल गोल होता आणि समासात शेरा: ‘जीन हे मद्य आहे. योग्य शब्द वापरा.’ पोरगी रडली नाही. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, ‘काका, बाबा जाते तो जीन आन् दारूचा जीन एकच हाये का?’

मला ते फार लागलं. भावाच्या तोंडी रोज असलेला शब्द चुकीचा आहे, हे तिच्या मनात बसायला नको. म्हणून गेले पंधरा दिवस कोश चाळतो आहे. हाती लागलं ते आधी लिहितो, मग मदत मागतो.

कापसाचा जीन आणि दारूची जीन यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. दारूचं नाव डच ‘येनेव्हर’चा तुकडा आहे. येनेव्हर म्हणजे ज्युनिपर. त्याच्या फळांचा वास त्या दारूला असतो. आपल्या आयुर्वेदात त्याला हपुषा म्हणतात. इंग्रजांनी १८व्या शतकाच्या सुरुवातीला ते लांब नाव तोडून ‘जिन’ केलं.

आपला जीन याहून कितीतरी जुना. मूळ लॅटिन ‘इंजेनियम’. त्याचा अर्थ उपजत बुद्धी, अंगची हुशारी. फ्रेंचमध्ये त्याचं ‘एंजँ’ झालं आणि अर्थ सरकत गेला: आधी हुशारी, मग हुशारीनं काढलेली युक्ती, मग त्या युक्तीनं केलेलं यंत्र. इंग्रजीत तो ‘एंजिन’ म्हणून आला, आणि लोकांनी बोलताबोलता पुढचा ‘एं’ गाळला. साधारण १२०० सालापासून इंग्रजीत नुसता ‘जिन’ सापडतो. तेव्हा त्याचा अर्थ युक्ती, सापळा, वजन उचलायचं यंत्र असा काहीही असे.

म्हणजे विहिरीवरचं इंजिन, ते दुरुस्त करणाऱ्याच्या पोराला व्हायचं असलेला इंजिनिअर आणि आमच्या भावाचा जीन हे तिन्ही एकाच घरातले. हे पोरीला सांगितलं तेव्हा ती दोन मिनिटं काही बोललीच नाही.

याच्याही मागे गेलो. ‘इंजेनियम’मध्ये जो ‘जेन’ आहे त्याचा अर्थ जन्मणं, आणि तोच धातू संस्कृतात ‘जन्’ आहे. जन्म, जन, जात हे सगळे त्यातले. डॅनिश शास्त्रज्ञ योहान्सन यांनी १९०९ साली ‘जीन’ हा शास्त्रीय शब्द काढला तोही ग्रीकमधल्या याच धातूवरून, आणि मराठीत आपण त्याला जनुक म्हणतो तेही ‘जन्’वरूनच. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. तेव्हापासून बाहेरचं जनुक घातलेला कापूस जिनात जातो आहे, आणि हे दोन्ही शब्द हजारो वर्षांपूर्वीचे भाऊबंद आहेत. कापसाच्या शिवारात राहणाऱ्यांना हे कोणीच कसं सांगितलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

‘जीन’सारखे ऐकू येणारे उरलेले दोन शब्द लवकर सांगतो. जीन्सची पँट इटलीतल्या जेनोवा शहराच्या नावावरून. घोड्यावरचं जीन फारसीतून आलेलं.

शब्द कळला, तरी यंत्राला हुशारीचं नाव का पडलं ते मला आईकडे पाहून समजलं. कार्तिकात ती वातींसाठी घरच्या कापसातली सरकी हातानं काढत होती. एक बोंड घ्यायचं, सरकी अंगठ्यानं दाबून धरायची, दुसऱ्या हातानं रुई ओढायची. रुई सुटत नाही. बीला इतकी चिकटून असते की प्रत्येक सरकीवर पांढरी लव उरतेच. तासाभरात मूठभर रुई झाली असेल. अमेरिकेत हेच काम गुलामांकडून करून घेत, आणि एक माणूस दिवसभरात जेमतेम पौंडभर रुई काढी. एली व्हिटनीनं १७९३ साली दातेरी जीन केला, त्यावर दिवसाला ५० पौंड निघू लागली. पुढचं वाचवत नाही. रुई काढणं सोपं झालं म्हणून कापसाची लागवड वाढली, आणि त्यासोबत गुलामांची संख्याही वाढत गेली.

आपल्याकडे तर सरकी काढायचा हातचरखा व्हिटनीच्या कितीतरी आधीपासून होता. एकमेकांना लागून दोन रूळ, त्यांच्या चिमटीतून रुई पलीकडे जाते आणि सरकी अलीकडे पडते. आज भाऊ ज्या डबल रोलरवर उभा असतो तिथेही रूळच रुई ओढतो. फक्त रूळ चामड्याच्या चकत्यांचा आणि शेजारी वरखाली होणारी सुरी. एका क्विंटल कापसाची ३४ किलोच्या आसपास रुई पडते, बाकी बहुतेक सरकी. रुईची पुढे १७० किलोची गठाण होते.

आता मदत. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, पोरीला शाळेत पाच मिनिटं बोलायचं आहे आणि तिनं विषय घेतलाय ‘जीन’. लाल शेऱ्याचं उत्तर तिला तिथंच द्यायचं आहे, कोणाचं नाव न घेता. मला बोलणं छान करून देणारे नकोत, ते ती करते. मला शब्द हवेत.

तुमच्याकडे जीन ‘तो’ की ‘ती’? आमच्याकडे ‘जीन सुरू झाला’, पण जिनिंग म्हटलं की ‘सुरू झाली’. यवतमाळ, अकोला, बुलढाण्याकडे कसं म्हणतात?

त्या जुन्या हातचरख्याला तुमच्या आजीच्या तोंडी काय नाव होतं? आमची आई नुसतं ‘सरकी काढाचा चरखा’ म्हणते. खास नाव नक्की असणार. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात पोरीला घेऊन जाणारच आहे, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडचा शब्द मिळाला तर त्याची सर कशालाच नाही.

आणि जिनात काम केलेले कोणी इथं असतील तर रोलर, सुरी, सरकीची जाळी, धूळ, पाळी यांना तुम्ही आपसात काय म्हणत होता ते लिहा. पुस्तकी नको, जिनातलं हवं. भाऊ सांगतो, पण तो एकाच जिनातला.

पोरीनं मोठा कागद आणून ठेवलाय. त्यावर प्रत्येक शब्दासमोर गावाचं नाव लिहायचं असं तिनं ठरवलं आहे, तेव्हा शब्दासोबत गाव जरूर टाका.