पहिली ते चौथी एकच शिक्षक: मुलांच्या भल्याचं आहे का?

माळरान_बाई (धागा सुरू करणारी)

शिक्षक आणि मुलांचं नातं चांगलं असावं, यावर कुणाचं दुमत नसतं. प्रत्येक प्रशिक्षणात तेच सांगतात. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. प्राथमिक शाळेत हे नातं शिक्षकाच्या स्वभावापेक्षा तो मुलांसोबत किती वर्षं राहतो यावर जास्त अवलंबून असतं. म्हणून पहिलीचा वर्ग ज्याच्या हाती दिला त्याच्याकडेच तो चौथीपर्यंत राहावा, आणि मधेच त्याची बदली होऊ नये, असं मला वाटतं.

मी बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दिवाळीच्या सुमारास गावातली बरीच घरं ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, जावंच लागतं. ज्यांचे आजी-आजोबा धड आहेत ती मुलं मागे राहतात, काही हंगामी वसतिगृहात राहतात, बाकीची आईबापांसोबत कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या तळावरच्या झोपडीत, जातात. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की मार्च-एप्रिलात ती परत येतात आणि वर्गाच्या दाराशी उभी राहतात. आत ओळखीची बाई दिसली तर आत येऊन बसतात. अनोळखी चेहरा दिसला तर काही जण दारातूनच घरी जातात.

आपलं मूल गेलं तेव्हा कुठवर वाचत होतं, कोणत्या जोडाक्षराशी अडत होतं, कोपीवर धाकट्या बहिणीला कोण सांभाळत होतं, हे जुन्या शिक्षकाला ठाऊक असतं. नव्याला ते कळेपर्यंत जून उजाडतो, मग बघता बघता दिवाळी येते आणि मूल पुन्हा निघतं.

आता नियम बघा. २०१७पासून जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन होतात. वशिल्याला आळा बसला, ते चांगलंच झालं. पण 'अवघड क्षेत्र' म्हणून ठरवलेल्या दुर्गम गावांत ३ वर्षं भरली की बदली मागण्याचा हक्क मिळतो, आणि पहिली ते चौथी होतात ४ वर्षं. शिक्षकांना मी बोल लावत नाही. रस्ता नाही, दवाखाना नाही, स्वतःची मुलं कुठे शिकवायची हा प्रश्न असतो. तरी जिथे नात्याची गरज सगळ्यात जास्त, तिथेच ते तिसऱ्या वर्षी तुटतं. शिक्षकाला घर द्या, जास्त भत्ता द्या, पण चौथी पूर्ण होईपर्यंत त्याला तिथे राहू द्या.

नाशिककर_पालक

बाई, तुमची तळमळ पोचली, पण मी याच्या पूर्ण विरोधात आहे. चार वर्षं कुणाच्या हाती, हा प्रश्न तुम्ही सोडूनच दिलात.

माझ्या मुलीच्या शाळेत वर्गशिक्षिका पहिलीपासून तीच होती. पहिल्याच सत्रात तिनं ठरवून टाकलं की ही पोरगी मंद आहे. पुढे पालकसभेत दर वेळी तेच वाक्य. मुलगी गणितं घरी सोडवायची आणि शाळेत कोरी पाटी घेऊन बसायची. तिसरीत शिक्षिका बदलली, आणि नव्या बाईंना हा इतिहास माहीत नव्हता म्हणूनच मुलीला मोकळं वाटलं. काही मुलांना अनोळखी शिक्षक म्हणजे नवी संधी असते. दर जूनला मिळणारी ती संधी तुम्ही काढून घेताय.

निवृत्त_मुख्याध्यापक

मी माध्यमिक शाळेत हयात घालवली, तेव्हा प्राथमिकबद्दल जपूनच लिहितो. नात्याला वर्षं लागतात हे मला पटत नाही. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० एवढीच वर्षं शिक्षक होते, आणि हायस्कुलात कुठल्याही मुलाच्या वाट्याला त्यातली थोडीच वर्षं आली असणार. पण ते छात्रालयात मुलांमध्ये राहत, त्यांची कामं स्वतः करत, त्यांच्यासाठी हातानं दैनिक लिहून काढत. मुलांच्या दिवसातला वर्गाबाहेरचा भाग त्यांनी वाटून घेतला होता. आज शिक्षकाचा हाच भाग कोण खातं ते बघा: मतदार यादीसाठीचं बीएलओचं काम, पोषण आहाराच्या नोंदी, युडायसवर भरायची शाळेची माहिती, रोज येणाऱ्या लिंका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७नं जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढी कामं वगळता शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये असं सांगितलं आहे. त्यातही निवडणुकीचं दार उघडं ठेवल्यामुळे मतदार यादी वर्षभर मागे लागते. मान वर करायला फुरसत नसलेला शिक्षक चारच काय, दहा वर्षं त्याच वर्गावर ठेवा, मुलाच्या घरी कोण आजारी आहे हे त्याला कळणार नाही.

खडू_आणि_डस्टर

मी तिशीतला शिक्षक. दोन्ही बाजू वाचल्या, पण एक गोष्ट कुणी बोलत नाही. आम्हाला जवळीक करायचीच भीती वाटते. शिक्षण हक्क कायद्याच्याच कलम १७नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ बंद केला, तो बंदच हवा. पण छडी काढून घेतल्यावर वर्ग कसा सांभाळायचा हे डी.एड.ला आम्हाला कुणी नीट शिकवलं नाही. रडणाऱ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवतानाही आता मी आधी दार उघडं आहे का बघतो. २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुरड्या मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर पालक प्रत्येक पुरुष कर्मचाऱ्याकडे संशयानं बघतात, आणि त्यांचं चुकतं असंही मला म्हणता येत नाही.

म्हणून माझं मत: थोडं अंतर असू द्या. न्यायानं वागा, वेळेवर या, वह्या खरोखर तपासा, प्रत्येकाला नावानं हाक मारा. मुलांना मित्र वर्गात भरपूर मिळतात. मोठं माणूस भरवशाचं मिळालं तरी पुष्कळ आहे.

सावलीचं_झाड

खडू सर, "न्यायानं वागा" हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण माझ्या मते सगळं त्याच्यावरच उभं आहे.

आमच्या गावच्या शाळेत गुरुजी वर्षानुवर्षं तेच होते. प्रेमळ होते. आमच्या वस्तीतल्या मुलांना वह्या-पेन्सिली स्वतःच्या पैशानं आणायचे. आणि पटांगण झाडायला, पाण्याचे हंडे भरायला नेमकं आम्हालाच सांगायचे. त्यांना त्यात काही वावगं दिसत नव्हतं. आम्हाला बोलायची सोय नव्हती, कारण उपकार होते. असं नातं चार वर्षं टिकलं काय, चाळीस वर्षं टिकलं काय, मुलाची मान खालीच राहते.

माझ्यासाठी चांगल्या नात्याचं माप मुक्ता साळवे आहे. फुल्यांच्या शाळेत तीनेक वर्षं शिकलेली चौदा वर्षांची मातंग मुलगी. १८५५मध्ये तिचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. त्यात तिनं धर्माला आणि सत्तेला थेट जाब विचारला. आपल्या वर्गातलं मूल असं बोलू लागलं तर आपण ते ऐकून घेऊ का, आणि दहा जणांपुढे वाचून दाखवू का, हे शिक्षकानं स्वतःला विचारावं. प्रेम आहे का, हा प्रश्न त्यानंतरचा.

स्टुटगार्टहून

इथे जर्मनीत प्राथमिक शाळा पहिली ते चौथी अशाच असतात, आणि पुष्कळ ठिकाणी वर्गशिक्षक दोन किंवा चारही वर्षं तोच राहतो. १९१९ला पहिली वॉल्डॉर्फ शाळा याच शहरात निघाली. त्या पद्धतीत वर्गशिक्षक तर आठवीपर्यंत तोच असावा अशी अपेक्षा असते. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनामधल्या मुलांवरचा २०१८चा एक अभ्यासही बाईंच्या बाजूनं आहे: दुसऱ्या वर्षीही तोच शिक्षक मिळालेल्या मुलांची प्रगती थोडी का होईना वाढलेली दिसली.

माझ्या मुलाला याचा फायदा झाला. आला तेव्हा त्याला जर्मनचा एक शब्द येत नव्हता. त्याच्या बाईंनी वर्षभर घाई केली नाही, कारण पुढची वर्षंही तो त्यांच्याकडेच असणार होता. पण नाशिककरांची भीतीही खरी आहे. इथे चौथीनंतर मूल कोणत्या प्रकारच्या शाळेत जावं याची शिफारस तेच शिक्षक लिहितात. चार वर्षांचं मत एका कागदावर उतरतं तेव्हा पालकांची झोप उडते.

माळरान_बाई

सगळ्यांचे आभार. मुख्याध्यापक सर, वेळेचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. वर्षं आणि वेळ दोन्ही लागतात.

नाशिककर, मुलीच्या बाबतीत घडलं ते वाईटच. पण तुमच्या शहरात वर्ग बदलता येतो, शाळाही बदलता येते. आमच्या इथे साठपर्यंत पट असला तर निकषानुसार दोनच शिक्षक. आमच्याकडे शिक्षक बदलला तरी मुलाला निवड कुठे मिळते? फक्त ओळख जाते.

सावलीचं झाड, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. चार वर्षं द्यायची तर मधे तपासणी हवी, हे मी माझ्या मागणीत जोडते. दुसरीच्या शेवटी शाळा व्यवस्थापन समितीनं पालकांना आणि मुलांना वेगवेगळं बसवून विचारावं: कुणाला कामाला लावतात, कुणाला बोलू देत नाहीत, कुणावर शिक्का मारलाय. तक्रार खरी निघाली तर वर्ग काढून घ्यावा.

नाशिककर_पालक

तपासणी चालेल, पण समितीच्या दयेवर नको. मूल दुसऱ्या शिक्षकाकडे बसवून मागायचा लेखी हक्क पालकाला हवा.

सावलीचं_झाड

समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया, असं कायदा सांगतो. कागदावर असतातही. पण बाई, सभा जानेवारीत लागली तर तुमच्या ऊसतोडीच्या घरांतलं कोण येणार? मागे राहिलेले बोलतील, आणि ठराव होईल.

माळरान_बाई

बरोबर. सभा एप्रिलच्या शेवटी घ्यावी लागेल, सगळी घरं परतल्यावर. मुख्याध्यापकांशी सोमवारी बोलते. नाशिककरांच्या लेखी हक्कावर मात्र मी अजून राजी नाही. दोन शिक्षकांच्या शाळेत एकानं वर्ग बदलून मागितला की दुसऱ्या दिवशी निम्मा गाव मागतो, आणि ते नेहमी शिकवण्यावरूनच मागतात असं नाही, शिक्षकाची जात बघूनही मागतात. याला वाट कशी काढायची ते सुचवा.