अर्धवट येणारी मेल: आधी वजन बघा

म्हापशाच्या एका होमस्टेची बुकिंगची मेल जीमेलवर दरांच्या तक्त्यातच तुटते, थंडरबर्ड या मेल वाचायच्या प्रोग्राममध्ये मात्र पूर्ण दिसते, अशी तक्रार आलीय. मग सर्व्हर निर्दोष. मेलचं एचटीएमएल (मजकूर आणि त्याच्या मांडणीचा कोड) साधारण 102 केबीच्या वर गेलं की जीमेल पुढचा भाग झाकतं. तळाशी पूर्ण मेल उघडायची लिंक असते. वेगळे जोडलेले फोटो यात धरत नाहीत. बहुतेकदा चोर असतो वर्डमधून चिकटवलेला मजकूर: ‘शिगमो सवलत’ एवढ्या दोन शब्दांमागे स्टाइलच्या ओळीच ओळी. कंट्रोल-शिफ्ट-व्हीने साधा मजकूर चिकटवा.

सगळीकडेच तुटत असेल तर पाठवणारी स्क्रिप्ट तपासा. ओळीत नुसतं एक टिंब आलं की एसएमटीपी (मेल पाठवायची ठरलेली पद्धत) मेल तिथेच संपली असं समजतं. म्हणून टिंबाने सुरू होणाऱ्या ओळीच्या सुरुवातीला स्क्रिप्टने आणखी एक टिंब जोडावं लागतं.