मदत हवी आहे: विमेन इन इंजिनिअरिंगच्या ग्रुपमध्ये मेकॅनिकलच्या मुलीला घेतात का? आणि आत जाऊन काय करता येईल?

धागाकर्ती:

नमस्कार ताई-दादांनो,

मी मेकॅनिकलला आहे, डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेय. कॉलेज सांगली जिल्ह्यातलंच, नाव नको. 2024 पासून आठ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी घरातल्या मुलींची फी सरकारने माफ केली म्हणून डिग्रीला यायला मिळालं, नाहीतर डिप्लोमावरच कुठेतरी कंपनीत लागायचं असं घरी ठरलं होतं.

कॉलेजात आय ट्रिपल ईची, म्हणजे इंजिनिअर्सच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, स्टुडंट ब्रँच आहे आणि तिच्यातच मुलींचा विमेन इन इंजिनिअरिंगचा ग्रुप आहे, सगळे डब्ल्यूआयई म्हणतात. मला त्यात जायचंय, नुसत्या सर्टिफिकेटसाठी नाही, खरंच काम करायचंय. पण कमिटीत सगळ्या कॉम्प्युटर आणि ईएनटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम), एका सीनिअरला विचारलं तर म्हणाली अगं हे इलेक्ट्रिकलवाल्यांचं असतं, तुम्हाला एसएई आहे की.

आता एसएईचं, म्हणजे वाहन इंजिनिअर्सच्या संघटनेचं, सांगते. त्यांची बाहा म्हणून खडबडीत रस्त्यावरच्या गाड्यांची कॉलेजांमधली स्पर्धा असते, आमच्याकडे तिची टीम आहे, दरवर्षी गाडी बनवतात. मी गेले तर मला कॉस्ट रिपोर्ट आणि स्पॉन्सरशिपच्या मेल दिल्या. ती कामंही लागतात, ती करायला माझी ना नाही, पण टीममधल्या प्रत्येक मुलीला तेच काम आणि ग्राइंडरला हात लावायला गेलं की कोणीतरी "दे इकडे, लागेल तुला" म्हणून हातातून काढून घेतं. मुलं वाईट नाहीत, मनापासून काळजीनेच करतात, पण असंच चालू राहिलं तर फायनल इयरला पोचेपर्यंत मला येणार काय? माझे पप्पा विट्यात यंत्रमागावर जॉबर आहेत, म्हणजे माग दुरुस्त करतात, धोटा कुठे अडकतोय ते नुसत्या आवाजावरून सांगतात, लहानपणापासून पाने-पकडी मीच हातात दिलेत त्यांच्या. डिप्लोमाला आर्क वेल्डिंग मला चांगलं जमायचं, एकसारखा बीड (वेल्डची रेघ) ओढून चिपिंग हॅमरने स्लॅग (वरची कडक खपली) उडवला की खाली माशाच्या खवल्यासारख्या रेघा दिसतात, ते बघायला मला फार आवडायचं. इथे प्रॅक्टिकलला ग्रुपमध्ये मिळून एक जॉब, मशीनवर मुलं आणि जर्नल पूर्ण करायला मुली, असं कोणी ठरवून दिलेलं नाही पण होतं तसंच.

म्हणून वाटतं की मुलींचा ग्रुप आहे तर त्यातूनच काहीतरी वर्कशॉपमधलं सुरू करावं. आत्तापर्यंत त्यांनी 8 मार्चला एक लेक्चर आणि पोस्टर स्पर्धा घेतली आणि एकदा पायथॉनचा वर्कशॉप, तो चांगला झाला म्हणतात.

तर मला विचारायचंय की मेकॅनिकलला मेंबरशिप मिळते का, पैसे किती कधी भरायचे, आणि मीटिंगा पाचनंतर असतात पण माझी एसटी पावणेसहाची, ती चुकली तर पुढची थेट साडेसातला आणि स्टँडवर थांबायला घरून परवानगी नाही, हॉस्टेलच्या मुलींना सोपं आहे, अप-डाऊनवाल्या काय करतात? आणि मुख्य म्हणजे नवीन मुलीने जाऊन "हे करूया" म्हटलं तर आगाऊपणा वाटेल का? आई पण विचारते याने नोकरी लागते का, तिला काय सांगू?

मोठं झालंय, सांभाळून घ्या.

प्रतिसाद १ (चाकणला एका कंपनीत वेल्ड क्वालिटीला आहे, कॉलेजात असताना डब्ल्यूआयईची चेअर म्हणजे अध्यक्ष होते):

आधी सोपं सांगते. मेकॅनिकलला मेंबरशिप मिळते, इंजिनिअरिंगच्या कुठल्याही शाखेला मिळते, आमच्या कमिटीत सिव्हिलची मुलगी सेक्रेटरी होती. ग्रुपला मुलगेही मेंबर होऊ शकतात, हे पण फार जणांना माहीत नसतं. आधी आय ट्रिपल ईची स्टुडंट मेंबरशिप घ्यायची, डब्ल्यूआयईची विद्यार्थ्यांना वेगळी फी नसते, फॉर्म भरताना ते जोडून घ्यायचं, ते जोडलं नाही तर नाव लिस्टमध्ये येत नाही. फीचा आकडा साइटवर बघ, डॉलरमध्ये दिसतो, आणि घाई नसेल तर ऑगस्टच्या मध्यानंतर भर म्हणजे त्याच पैशात पुढच्या वर्षीच्या डिसेंबरपर्यंत चालते. कार्यक्रमांना हजर राहायला बहुतेक ठिकाणी मेंबर असायची गरजच नसते, तेव्हा आधी जाऊन बघ, मग पैसे भर.

आता महत्त्वाचं. बाहाच्या नियमात रोलकेजला, म्हणजे ड्रायव्हरभोवतीच्या पाइपच्या सांगाड्याला, वेल्ड मारणाऱ्याला स्वतःच्या हाताचे वेल्ड सॅम्पल करून दाखवावे लागतात, त्याच पाइपचे, त्याच प्रोसेसचे. एक तोडून बघतात आणि एक कापून पेनिट्रेशन किती आलंय ते बघतात. तू तुझं सॅम्पल कर. टीमकडे "मला वेल्डिंग द्या" असं मागत बसू नकोस, सॅम्पल कापून पॉलिश करून टेबलावर ठेव आणि म्हण की हे माझं, तुमच्यातल्या वेल्डरच्या सॅम्पलशेजारी ठेवून बघा. कापलेला वेल्ड कोणाचा आहे हे बघून कळत नाही, आत धातू नीट भिनलाय की नाही एवढंच कळतं. आमच्या लाइनवर मी रोज हेच बघते. फक्त तू आर्कवर शिकलीस आणि रोलकेज बहुतेक मिग नाहीतर टिग या गॅस वापरून करायच्या वेल्डिंगवर करतात, पाइपची भिंत पातळ असते, लगेच भोक पडतं, तेव्हा त्याची प्रॅक्टिस लागेल. आणि ही प्रॅक्टिसच डब्ल्यूआयईचा पहिला कार्यक्रम कर ना! मुलींसाठी वेल्डिंग आणि पॉवर टूल्स, दोन दुपारी, तुमच्याच वर्कशॉपमध्ये. कॉम्प्युटरच्या मुली सगळ्यात आधी नाव देतील बघ, त्यांना हे कधी करायलाच मिळत नाही.

एक सांगून ठेवते, लेदर ग्लोव्ह्ज लहान साइजचे आधीच मागव. मोठ्या हातमोज्यात वेल्डिंगचा टॉर्च नीट धरता येत नाही आणि मुलगी समजते की आपल्याला जमत नाही. हे मी खूप वेळा पाहिलंय आणि दरवेळी चीड येते.

प्रतिसाद २:

मुलींचा वेगळा ग्रुप कशाला पण? याने उलट जास्त वेगळं पडायला होतं. थेट टीममध्ये भांडून जागा घ्यावी असं माझं मत.

प्रतिसाद ३ (कॉलेजात शिकवते, स्टुडंट ब्रँचचं काम बघते):

वरच्या मताबद्दल आधी बोलते. भांडून जागा घ्यायला आधी हात बसलेला लागतो, आणि हात बसायला कोणी टॉर्च हिसकावून घेणार नाही अशी जागा लागते. तेवढ्यासाठी हा ग्रुप. आपल्याकडच्या पहिल्या महिला इंजिनिअरांपैकी एक, ए. ललिता, मद्रासजवळच्या गिंडी कॉलेजातून 1943 ला इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाल्या, 1964 ला न्यूयॉर्कला बायका इंजिनिअर आणि शास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली तेव्हा त्या गेल्या पण खासगी नात्याने, कारण आपल्याकडे तशी संघटनाच नव्हती. ती परिषद भरवणारी अमेरिकेतली सोसायटी ऑफ विमेन इंजिनिअर्स 1950 पासूनची. एकेकट्या हुशार बाया आपल्याकडे आधीपासून होत्या, एकमेकींना हात देणारी व्यवस्था मात्र नव्हती. पुण्यात फक्त मुलींचं कमिन्स कॉलेजसुद्धा 1991 ला निघालं.

आता धागाकर्तीला. बाळा, आगाऊपणा अजिबात नाही. कमिटीला पोस्टर स्पर्धेच्या पलीकडे काही सुचत नसतं कारण वर्षभर चार-पाच मुलीच राबत असतात, कोणी तयार योजना घेऊन आलं तर त्या खूशच होतात. नुसतं तोंडी बोलू नकोस, एक पान लिहून ने: काय करणार, किती मुली, कुठले सर, सामान काय, खर्च किती. वर्कशॉप सुपरिंटेंडंटला आधी भेट, ते हो म्हणाले की एचओडी म्हणजे विभागप्रमुख नाही म्हणत नाहीत असा माझा अनुभव आहे. वेळ दुपारची ठेव आणि त्याच पानावर स्पष्ट लिही की अप-डाऊनच्या मुलींसाठी सगळं साडेचारला संपेल, म्हणजे तुझ्यासारख्या बाकीच्याही येतील. मीटिंगचंही तेच, मधल्या सुट्टीत घ्या म्हणून मागणी कर, एकटीने नाही, अप-डाऊनवाल्या चौघी-पाचजणी मिळून.

आईला सांग की थेट नोकरी लागत नाही. पण इंटरव्ह्यूला "तू काय केलंस" विचारतात तेव्हा दाखवायला काहीतरी असतं, आणि इतर कॉलेजच्या, कंपनीतल्या मुलींशी ओळखी होतात, त्या फार उपयोगी पडतात. जमलं तर आईलाच एकदा कार्यक्रमाला बोलाव. डब्ल्यूआयईचा स्टार म्हणून एक उपक्रम आहे, शाळेतल्या मुलींना इंजिनिअरिंगची ओळख करून द्यायचा, तुझ्या गावच्या झेडपीच्या शाळेत तो घेता येईल. तिथे पप्पांना मागाबद्दल बोलायला सांग, खरंच सांगतेय, जॉबरएवढी मेकॅनिझम समजावून सांगणारी माणसं मी कमी पाहिलीत.

धागाकर्ती:

सगळ्यांचे खूप आभार, सॅम्पलचं तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वर्कशॉपच्या सरांना भेटले, म्हणाले मिगचं मशीन आहे पण गॅसचा सिलिंडर भरून आणायचा खर्च कोण देणार ते सांग आणि स्क्रॅप पाइप बाहेरून बघ, जागा मी देतो. डब्ल्यूआयईच्या चेअरताईला पान दाखवलं, तिने त्याच दिवशी ग्रुपवर टाकलं आणि कॉम्प्युटरच्या मुलींनी खरंच आधी नावं दिली. पप्पा म्हणाले पाइपचे तुकडे मी आणतो, विट्यात फॅब्रिकेशनवाले ओळखीचे आहेत.

आता दोनच अडचणी. गॅसचे पैसे मुलींकडून घ्यावे का कॉलेजकडे मागावे? आणि डोळ्यांचं टेन्शन आहे, एवढ्या मुली पहिल्यांदाच आर्क म्हणजे वेल्डिंगचा झगझगीत उजेड बघणार, हेल्मेट वर्कशॉपमध्ये तीनच आहेत.

प्रतिसाद १:

पैसे आधी स्टुडंट ब्रँचच्या खात्यातून माग, कार्यक्रमासाठीच असतात ते, नाही मिळाले तर मग मुलींकडून थोडे थोडे घ्या. हेल्मेट तीनच तर एका वेळी वेल्डिंगच्या बूथमध्ये दोघीच, एक वेल्ड मारणारी आणि एक बघणारी, तिसरं हेल्मेट शिकवणाऱ्या सरांना. बाकीच्यांना दुसऱ्या खोलीत ग्राइंडर आणि ड्रिलवर ठेव, गॉगल सगळ्यांना, केस बांधलेले, ओढणी नाही, सिंथेटिक कुर्ता नाही, कॉटनचा पूर्ण बाह्यांचा ॲप्रन, पायात बूट. बूथला पडदा नसेल तर ताडपत्री लाव, बाजूने जाणाऱ्याच्या डोळ्यालाही आर्क लागतो. मी शनिवारी सुट्टीवर असते, तारीख शनिवारची धरलीस तर मी येते, लहान ग्लोव्ह्जचे जोड घेऊन येईन. मेसेज कर.