कुस्ती मैदानाचं लाईव्ह कमी खर्चात जमेल काय?

खानापूरकर: जत्रेत आमच्या गावात निकाली कुस्त्या असतात. मुंबई-पुण्याची पोरं लाईव्ह दाखवा म्हणून मागं लागल्यात. दोन जुने मोबाईल, हँडीकॅम, लॅपटॉप आहे. स्विचर (कॅमेरे आलटून-पालटून दाखवायचं यंत्र) न घेता जमेल काय हो?

निपाणीवाला: जमतंय की! लॅपटॉपवर ओबीएस स्टुडिओ टाका, कॅमेरे बदलून लाईव्ह पाठवायचं हे सॉफ्टवेअर फुकट आहे. हँडीकॅम एचडीएमआय कॅप्चर कार्डानं (कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपात घेणारं) जोडा, मोबाईल कॅमेरा-अ‍ॅपनं राउटरवर. राउटर 5 गिगाहर्ट्झवर ठेवा, 2.4 वर गर्दीत चित्र अडकतंय. एक कॅमेरा उंचावरून अख्खा आखाडा धरून ठेवा, पैलवान कुठं सरकंल नेम नाही. हँडीकॅमचा डिस्प्ले (स्क्रीनवरची अक्षरं-चिन्हं) एचडीएमआयवर बंद करा, नाहीतर बॅटरीचं चिन्हपण लाईव्ह!

साऊंडवाला, बेळगाव: हलगी अन् निवेदकाचा आवाज मिक्सरमधूनच घ्या, मोबाईलचे माईक बंद. वायफायचं चित्र मागं पडतंय, तेवढा सिंक ऑफसेट, म्हणजे उशीर, ओबीएसमध्ये ऑडिओला द्या. टाळी वाजवून जुळवा.

खानापूरकर: आणि नेट? टॉवर एकच आहे.

निपाणीवाला: डाउनलोड नव्हे, अपलोड मोजा. 720पी (साध्या एचडी) चित्राला 3-4 एमबीपीएस वेग लावा, पण लाईन दुप्पट हवी. जवळच्या घरात फायबर असेल तर पंचांकरवी मागा, मैदान भरलं की मोबाईल डेटा बसतोय. जनरेटर बंद पडला तर लॅपटॉप बॅटरीवर चालंल, राउटर नाही. त्याला छोटा यूपीएस लावाच.